अर्धा कोयता, पूर्ण घरपट्टी

 

मागच्या महिन्यात गटाची बचत गोळा करायला बसलो होतो. पैसे मोजून झाले, वहीवर सह्या-अंगठे झाले, तेवढ्यात एक मावशी कनवटीतून कागद काढून म्हणाल्या, "हे वाचा गं जरा." ग्रामपंचायतीचं मागणी बिल होतं. घरपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य, पाणीपट्टी आणि मागची बाकी. मावशींचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, पोरी नांदायला गेल्या. घरात त्या एकट्या आणि एक शेळी. त्यांनी विचारलं, "माझ्या शेजारच्या घरात नऊ माणसं. त्यांनी नऊ जणांचं पाणी वापरायचं, नऊ जणांचं सांडपाणी गटारीत सोडायचं. मी एकटीनं एक घागर. मग आरोग्य कर दोघींना सारखाच कसा? एकट्या बाईला काही सूट असते का नाही?"

आम्ही सगळ्या गप्प. उत्तर कुणालाच येत नव्हतं. मग आम्ही शोधायला लागलो, कायदा वाचला, वाचलेल्या माणसांना विचारलं, आणि जे हाती आलं ते आज सांगतोय. कराची गोष्ट म्हणजे कंटाळा, असं वाटेल तुम्हाला. पण ही गोष्ट खरं तर बाईचं नाव कुठल्या वहीत लिहिलं जातं आणि कुठल्या वहीत नाही, याची आहे.

पहिली वही आपल्या ओळखीची आहे, मुकादमाची. दसरा-दिवाळी झाली की आपल्या बीड जिल्ह्यातून ट्रक आणि ट्रॅक्टर भरून माणसं ऊसतोडीला जातात. त्या वहीत माणूस मोजत नाहीत, कोयता मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल जोडीला मिळते. विधवा किंवा टाकलेली बाई एकटी निघाली तर तिला कुणी दीर-भाऊ जोडीला बघावा लागतो, नाही तर तिची नोंद अर्धा कोयता. ऊस ती पूर्ण तोडते, मोळी पूर्ण बांधते, डोक्यावर घेऊन गाडीही पूर्ण भरते, पण हिशोबात ती अर्धी. आणि तीच बाई गावात आली की पंचायतीच्या वहीत तिची घरपट्टी पूर्ण. हे ध्यानात ठेवा, पुढं लागेल.

घरावर कर घ्यायची चाल जुनी आहे. पेशवाईच्या कागदांत घरपट्टी आहे, कारागीर-दुकानदारांकडून घ्यायचा मोहतर्फा आहे, लग्नावरचा लग्नटक्का आहे. आणि एक कर असा आहे की आम्ही तो वाचला तेव्हा दोनदा वाचला. पाटदाम. विधवेनं पाट लावला, म्हणजे दुसरं घर केलं, की सरकारला भरायचा पैसा. म्हणजे बाई एकटी राहिली तर तिला कोणी विचारत नव्हतं, आणि तिनं एकटेपण संपवायचं ठरवलं तर सरकार हात पसरून दारात उभं. आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता, पेशव्यांचे चौथाईचे हक्क वरून. दोन्ही सरकारांच्या दफ्तरांत बाईचं नाव सापडतं ते बहुतेक कुणाची तरी बायको, कुणाची तरी आई म्हणून.

घरपट्टीचं भांडणही नवं नाही. १८१० साली इंग्रज कंपनी सरकारनं काशीत घरपट्टी बसवली. लोकांनी काय केलं? दुकानं बंद केली, कामधंदा टाकला, हजारो माणसं घरं सोडून उघड्या मैदानावर जाऊन बसली. दिवसांमागून दिवस बसून राहिली. घरावरच कर ना, मग घरातच राहत नाही! शेवटी १८११ मध्ये सरकारला तो कर मागं घ्यावा लागला. महात्मा गांधींच्या सत्याग्रहाच्या शंभर वर्षं आधीची ही गोष्ट. धरमपाल नावाच्या अभ्यासकांनी सरकारी कागदांतून ती पुढं आणली.

तिकडं विलायतेत त्याच्याही आधी, १६६२ साली, चुलीवर कर होता. घरात किती चुली, तितकी पट्टी. अगदी गरिबांना त्यात माफी होती. माफीच्या त्या यादीत विधवांची नावंच्या नावं लागलेली आहेत. पण कर गोळा करणारा थेट घरात शिरून चुली मोजायचा, याचा लोकांना इतका राग आला की १६८९ मध्ये तो कर बंदच केला. परका माणूस आपल्या चुलीपाशी येऊन उभा राहिला तर काय वाटतं, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको.

आता आपल्याकडं येऊ. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं. मग हैदराबाद राज्याचा १९५६ चा ग्रामपंचायत कायदा आला. त्याच वर्षी नोव्हेंबरात मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला, आणि नंतर १९५८ चा मुंबई ग्रामपंचायत अधिनियम आपल्याला लागू झाला. आजही तोच चालतो, नाव बदलून महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम झालंय. त्याच्या कलम १२४ मध्ये ग्रामपंचायतीनं कोणते कर घ्यायचे ते आहे, आणि ते कसे घ्यायचे याचे नियम १९६० चे. ज्या गावात कुणी नाव न घेता "सरकारी पट्टी" म्हणतात ती ही. ती तहसीलची नाही, तलाठ्याची नाही. ती गावाची आहे, गावानं ठरवायची आणि गावात खर्च करायची.

हा कर माणसं मोजत नाही, घर मोजतो. काही वर्षं चौरस फुटांवर आकारणी चालली होती. ती उच्च न्यायालयात टिकली नाही. मग डिसेंबर २०१५ मध्ये सरकारनं नियम बदलले आणि आता घराच्या भांडवली मूल्यावर कर लागतो. म्हणजे जागेची किंमत, बांधकाम कशाचं, मातीचं का दगड-विटांचं का स्लॅबचं, आणि घर किती जुनं, हे सगळं धरून. घर जुनं असेल तर घसारा वजा होतो. दर सरकारनं ठरवलेल्या खालच्या आणि वरच्या टोकाच्या मध्ये कुठं ठेवायचा, हे पंचायत ठरावानं ठरवते. आणि आकारणीची यादी चार वर्षांनी पुन्हा तयार होते.

या सगळ्यात "घरात माणसं किती" असा रकानाच नाही. म्हणून मावशींच्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं की एकटी राहते म्हणून घरपट्टीत सूट, अशी तरतूद आपल्या ग्रामपंचायतीच्या कायद्यात आज नाही. तुम्हाला कुणी "शंभर रुपये द्या, एकल महिलेची सूट करून देतो" म्हणालं तर त्याला ओट्यावरूनच परत पाठवा.

पण जगात अशी सूट आहे. विलायतेत आहे, आणि तिची कथा मावशींच्या प्रश्नाचीच कथा आहे. तिथं शेकडो वर्षं घराच्या किमतीवर कर होता. मार्गारेट थॅचर पंतप्रधान होत्या तेव्हा त्यांचं सरकार म्हणायला लागलं की हे अन्यायाचं आहे. एका घरात एकटी म्हातारी राहते, शेजारच्या तशाच घरात चार कमावती माणसं राहतात, आणि दोघांना कर सारखा! शब्दाशब्दाला आपल्या मावशींचंच बोलणं. मग सरकारनं उपाय काढला, घरावर नको, डोईवर कर लावा. आधी १९८९ ला स्कॉटलंडमध्ये, मग १९९० ला इंग्लंड आणि वेल्समध्ये माणशी कर आला. झालं काय? बंगल्यातला श्रीमंत आणि खोलीतला मजूर यांना डोईपट्टी सारखीच पडायला लागली. गरिबाच्या घरात माणसं जास्त, म्हणून त्याच्यावर बोजाही जास्त. लोक पेटले. ३१ मार्च १९९० ला लंडनच्या ट्रफाल्गर चौकात मोठी दंगल झाली. त्याच वर्षाच्या अखेरीला थॅचरबाईंना पद सोडावं लागलं, त्याला हा कर हे एक मोठं कारण होतं.

म्हातारीचं नाव घेऊन कर आणला आणि तो गरिबांच्या मानेवर बसवला. हे आम्हाला फार ओळखीचं वाटलं.

मग १९९३ पासून त्यांनी मधली वाट काढली. कर पुन्हा घरावर, पण त्यातला निम्मा भाग घराचा आणि निम्मा माणसांचा धरायचा. घरात दोन मोठी माणसं आहेत असं गृहीत. एकच असेल तर माणसांच्या निम्म्यातलं निम्मं कमी, म्हणजे एकूण पाव भाग सूट. शंभराला पंचवीस. बाई असो की बाप्या, विधवा असो की लग्नच न केलेली, कुणी दाखला मागत नाही की तू एकटी का. फक्त तू एकटी राहतेस का, एवढंच. आपल्याकडं "एकटी का" हे विचारल्याशिवाय कागद पुढं सरकत नाही, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

आता आपल्या राज्यात सूट अजिबात नाही असंही नाही. मुंबईत १ जानेवारी २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या राहत्या घरांना मालमत्ता कर माफ आहे. पुण्यात मालक स्वतः राहत असेल तर ४० टक्के सवलत, ती १९७० पासूनची. मधी बंद पडली होती, लोकांनी ओरड केल्यावर परत आली. पिंपरी-चिंचवडमध्ये घर बाईच्या नावावर असेल आणि ती तिथं राहत असेल तर सवलत मिळते. शहरात लाखो-कोटींच्या घराला माफी आणि आपल्या पत्र्याच्या खोलीला पूर्ण मागणी, हे ऐकून आमच्या गटात एकीनं फक्त कपाळाला हात लावला.

गावात आज हक्कानं काय मिळतं? एक, ३० सप्टेंबरपर्यंत वर्षाचा पूर्ण कर भरला तर ५ टक्के सूट. ती पंचायतीनं द्यायचीच. तोडीला जाणाऱ्यांनी हे नीट ऐका. उचल हातात येते तेव्हाच, गाडी निघायच्या आधी, पट्टी भरून टाकली तर सूटही मिळते आणि मागं घर कुलूपबंद असताना बाकीही वाढत नाही. घर सहा महिने बंद होतं म्हणून कर कमी होत नाही. दोन, माजी सैनिकांच्या विधवांना २०२० पासून घरपट्टी माफ आहे, एका घरापुरती. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला लागतो. आपल्या भागातून पोरं फौजेत जातात, तेव्हा अशी एखादी बाई ओळखीत असेल तर तिला हे सांगा. तीन, आकारणी चुकली असेल, मातीच्या घराला स्लॅबचा दर लावला असेल, तर यादी लागल्यावर हरकत घेता येते आणि पुढं पंचायत समितीकडं अपील करता येतं. शेजारच्या एका गावात आमच्यातल्याच एका बाईची पडकी माळवदाची खोली वहीत पक्कं घर म्हणून चढली होती. तिला सांगणारं कुणी नव्हतं, ती वर्षानुवर्षं जास्तीचा कर भरत राहिली.

पण यातलं काहीही मागायचं तर आधी एक गोष्ट पाहिजे. वहीत बाईचं नाव. या वहीला नमुना ८ म्हणतात, कर आकारणी नोंदवही. मावशींचं बिल आम्ही नीट बघितलं तर त्यावर त्यांचं नाव नव्हतंच. मेलेल्या नवऱ्याचं होतं. पट्टी मावशी भरतात, बाकी मावशींच्या डोक्यावर, आणि घर कागदावर अजून त्याच माणसाचं. इथं आम्ही बराच वेळ थांबलो, तर तुम्हीही थांबा.

बाईला घर देताना कायद्याचा हात फार दिवस थरथरला. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं विधवेला आणि मुलीला वाटा दिला, मिळालेल्या मालमत्तेची ती पूर्ण मालकीण झाली. मोठी गोष्ट होती ती. पण त्याच कायद्यात कलम २३ होतं. राहत्या घराची वाटणी पुरुष वारसांनी मागितल्याशिवाय बाईला मागता येणार नाही. आणि मुलीला बापाच्या घरात नुसतं राहायचा हक्क कधी, तर ती बिनलग्नाची असेल, नवऱ्यानं टाकलेली असेल, वेगळी राहत असेल किंवा विधवा असेल तरच. म्हणजे कायद्यानं एकटी बाई ओळखली, पण कशी? घरात एका कोपऱ्यात राहू द्यावं अशी. महाराष्ट्रानं २२ जून १९९४ पासून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाबरोबरचा हक्क दिला, त्याच दिवशी राज्याचं पहिलं महिला धोरणही आलं. आणि ते कलम २३ देशभरातून गेलं कधी? ९ सप्टेंबर २००५ ला. एकोणपन्नास वर्षं लागली.

कायदा चालत होता तेव्हा बायाही बसून नव्हत्या. सांगली जिल्ह्यात इंदुताई पाटणकरांच्या स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीनं परित्यक्ता बायांचे मोर्चे काढले. मागण्या साध्या होत्या, आमच्या नावानं रेशन कार्ड द्या, राहायला जागा द्या. मार्च १९८८ मध्ये संगमनेरला निशा शिवूरकर आणि समता आंदोलनानं परित्यक्तांची परिषद भरवली. आपल्या अंबाजोगाईत शैला लोहिया यांनी मानवलोकच्या मनस्विनी प्रकल्पातून टाकलेल्या बायांचं काम उभं केलं. आणि शेतकरी संघटनेत शरद जोशींनी चांदवडच्या १९८६ च्या महिला अधिवेशनानंतर लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, की शेतकऱ्यानं आपणहून जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करावा. ज्या गावात शंभर कुटुंबांनी असं केलं ते लक्ष्मीमुक्ती गाव. अनेक गावांनी केलं. आमच्यातल्या काहींना वाटतं की नवऱ्यानं उपकार म्हणून द्यावं हे बरोबर नाही, हक्क म्हणून मिळायला पाहिजे. तेही खरं. पण सातबारावर नाव चढलं ते चढलं, त्याला उपकाराचा का हक्काचा असा वेगळा रकाना नसतो.

घराच्या बाबतीत ग्रामविकास विभागाचा २० नोव्हेंबर २००३ चा शासन निर्णय आहे. गावातलं घर नवरा-बायको दोघांच्या नावानं नमुना ८ ला लावायचं. "घर दोघांचं" म्हणून काही ठिकाणी मोहिमा झाल्या, गावंच्या गावं झाली. पुष्कळ ठिकाणी कागद कपाटात राहिला. एक खबरदारीही सांगतो. नमुना ८ ची नोंद ही कर कोणी भरायचा यासाठी असते, तो मालकीचा पक्का पुरावा नाही. कोर्टात वारसाचे, वाटणीचे, खरेदीचे कागद लागतात. पण भांडण झाल्यावर रात्री घराबाहेर काढलेल्या बाईच्या हातात नमुना ८ आणि आपल्या नावाच्या पावत्या असणं आणि काहीच नसणं, यात किती फरक पडतो, ते ज्यांच्यावर वेळ आली त्यांना विचारा.

आणि आता मघाशी ध्यानात ठेवायला सांगितलं होतं ते. मुकादमाच्या वहीत अर्धी, नमुना ८ मध्ये कित्येकदा शून्य, पण एका वहीत मात्र बाई पूर्ण धरली जाते. थकबाकीच्या. कलम १४ सांगतं की बिल दिल्यापासून तीन महिन्यांत पंचायतीचा कर भरला नाही तर तो माणूस सदस्य व्हायला किंवा राहायला अपात्र. आणि एकत्र कुटुंबात एकाची बाकी असेल तर ती सगळ्यांची धरली जाते. म्हणजे घर सासऱ्याच्या नावावर, बिल सासऱ्याला आलं, त्यानं ते फाडून टाकलं, आणि निवडून आलेल्या सुनेचं पद जातं. तिचं नाव घराला नाही, पण बाकीला आहे. १९९३ च्या घटनादुरुस्तीनं बायांना तिसरा हिस्सा जागा दिल्या, आपल्या राज्यानं २०११ मध्ये निम्म्या केल्या. त्या निम्म्या जागांवर डोळा ठेवून बसलेल्यांना हे कलम पाठ असतं. तेव्हा ज्या कुणी उभं राहायचा विचार करत असाल त्यांनी उमेदवारी अर्ज भरायच्या आधी घरातली सगळी बाकी भरून पावती जवळ ठेवा. अर्जाच्या आधी भरली तर अपात्रता लागत नाही. पावती नमुना १० ची घ्या, त्यावर शिक्का, सही बघा. "पुढच्या वेळी देतो" ऐकू नका.

एक "एकल" शब्दाबद्दल. पूर्वी कागदावर विधवा, परित्यक्ता, निराधार असे शब्द असायचे. प्रत्येक शब्दात कुणीतरी गेल्याची, कुणीतरी टाकल्याची गोष्ट. कोरोनात नवरे गेलेल्या बायांसाठी २०२१ मध्ये सरकारनं तालुक्या-तालुक्यात मिशन वात्सल्यच्या समित्या केल्या, तेव्हा एकल महिला हा शब्द सरकारी फायलीत चांगला रुळला. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं ग्रामसभेत ठराव केला की विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं बंद. दोन आठवड्यांत सरकारनं राज्यातल्या सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगणारं परिपत्रक काढलं. एका गावाचा ठराव, आणि मंत्रालय हललं.

म्हणून आम्ही असं ठरवलंय. नियमाप्रमाणे ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. येत्या महिला सभेत आमचे गट दोन ठराव मांडणार आहेत. पहिला, गावातल्या प्रत्येक मयत माणसाच्या नावावरचं घर वारस बाईच्या नावानं नोंदवण्यासाठी पंचायतीनं शिबिर लावावं. मृत्यूचा दाखला, वारसांची माहिती आणि आधार घेऊन एकाच दिवशी अर्ज भरायचे. दुसरा, एकट्या राहणाऱ्या बाईला दिवाबत्ती, आरोग्य आणि पाणी या करांत सवलत द्यायची तरतूद नियमात करावी, अशी मागणी ग्रामसभेच्या ठरावानं पंचायत समितीमार्फत सरकारकडं पाठवावी. घराच्या करात नको. घर ते घर. पण पाणी आणि गटार माणसांवर ठरतात, हा मावशींचा मुद्दा पक्का आहे. आणि तोवर पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के महिला व बालकल्याणाचा जो पैसा असतो, तो मागच्या वर्षी कशावर खर्च झाला ते सभेत वाचून दाखवायला सांगायचं.

मावशींचा अर्ज आम्ही लिहून दिलाय. मृत्यूचा दाखला सापडेना, मग तो पत्र्याच्या पेटीत, लग्नातल्या शालूच्या घडीत मिळाला. ग्रामसेवक मंगळवारी बसतात म्हणे. आमच्यातल्या दोघी त्यांच्याबरोबर जाणार आहेत.